रुग्णाचा शब्द, डॉक्टरचा शब्द

रात्री उशिरा किनवटकडच्या एखाद्या गावातून फोन येतो, “पोरानं औषध पिलंय, लौकर या.” इमर्जन्सी मेडिकल टेक्निशियनचं, म्हणजे ईएमटीचं प्रशिक्षण नुकतंच सुरू केलेला शहरातला मुलगा हे ऐकून क्षणभर चक्रावतो. औषध पिलं, मग घाबरायचं कशाला? आपल्या शिवारात मात्र हा शब्द कुणाला समजावून सांगावा लागत नाही. कापसावर, सोयाबीनवर फवारतात तेही औषधच. “औषध पिलं” म्हणजे कीटकनाशक पोटात गेलं. तासा-दीड तासानं तीच गाडी दवाखान्याच्या दारात उभी राहते, तेव्हा त्याच मुलाला म्हणावं लागतं : “सस्पेक्टेड ऑर्गॅनोफॉस्फरस पॉयझनिंग, पिनपॉइंट प्युपिल्स, तोंडाला फेस, ब्रॅडीकार्डिया, पल्स 48.”

ही दोन वाक्यं एकाच माणसाबद्दलची आहेत. पहिल्यापासून दुसऱ्यापर्यंत पोचणं हे ईएमटीचं अर्धं काम आहे. पहिलं वाक्य कळलं नाही तर तयारीत वेळ जातो, दुसरं बोलता आलं नाही तर कॅज्युअल्टीतला डॉक्टर तेच प्रश्न पुन्हा पहिल्यापासून विचारतो. नांदेड-लातूरकडची जी मुलं-मुली आज या अभ्यासक्रमाला बसली आहेत, किंवा बारावीनंतर बसायचा विचार करताहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे. वैद्यकीय शब्दांची भीती वाटून पहिल्या महिन्यातच पुस्तक मिटणारी मुलं मी पाहिली आहेत. ती हुशार नव्हती म्हणून तसं झालं नाही. शब्द कसे शिकायचे हे त्यांना कुणी सांगितलंच नव्हतं.

आधी तुमच्याजवळ काय आहे ते मोजा. आपल्याकडच्या बऱ्याच मुलांनी अकरावी-बारावीला नीटची तयारी केलेली असते. लातूरच्या शिकवण्यांमध्ये दोन-दोन वर्षं काढून, थोड्या गुणांनी एमबीबीएस हुकलं म्हणून इकडे वळलेलेही असतात. त्यांनी एक गोष्ट मनातून काढून टाकावी : ती वर्षं वाया गेली. मायोकार्डियम, पेरिकार्डियम, हिपॅटिक पोर्टल, एरिथ्रोसाइट, ल्युकोसाइट, ऑस्टिओब्लास्ट, हायपोथॅलॅमस हे सगळे शब्द तुमच्या डोक्यात आधीच आहेत. ‘एरिथ्रो’ म्हणजे लाल आणि ‘ल्युको’ म्हणजे पांढरा हे माहीत असलेल्याला ‘एरिथिमा’ म्हणजे कातडी लाल होणं हे वेगळं पाठ करावं लागत नाही.

पण त्याच तयारीनं एक सवय लावली आहे आणि ती इथं नडते. चार पर्यायांतला बरोबर पर्याय ओळखण्याची ती सवय. समोर शब्द दिसला की अर्थ आठवतो, पण समोर काहीच नसताना शब्द तोंडातून काढायचा म्हटलं की जीभ अडते. ॲम्ब्युलन्समध्ये अ-ब-क-ड नसतं. तिथं समोर निळे पडलेले ओठ असतात आणि ‘सायनोसिस’ हा शब्द तुमचा तुम्हालाच काढायचा असतो. म्हणून पहिल्या दिवसापासून वाचून नव्हे, बोलून शिका. अर्थ झाकून शब्द, शब्द झाकून अर्थ, आणि दोन्ही मोठ्यानं. खोलीतल्या मित्रांनी हसावं, हरकत नाही.

शब्द फोडा

वैद्यकीय शब्द लांब दिसतो कारण तो जोडलेला असतो. शाळेत सामासिक शब्दाचा विग्रह केला आहे ना? तेच इथं करायचं. पुढे उपसर्ग, मधे अवयव, शेवटी काय झालं ते. ‘टॅकीप्निया’ : टॅकी म्हणजे जलद, प्निया म्हणजे श्वास. ‘हेमिप्लेजिया’ : हेमि म्हणजे अर्धं, प्लेजिया म्हणजे लुळेपणा. ‘हिमॅच्युरिया’ : रक्त आणि लघवी. शेवटाकडून वाचलं तर लवकर उमगतं, कारण तक्रार शेवटी असते. ‘आयटिस’ आलं की दाह, ‘आल्जिया’ आलं की दुखणं, ‘इमिया’ आलं की रक्ताची गोष्ट, ‘युरिया’ आलं की लघवीची. असे पन्नास-साठ तुकडे नीट आले की शेकडो शब्द आपोआप उलगडतात.

आता मराठी माध्यमातून आलेल्या मुलांना एक सांगायचं आहे, कारण त्यांच्याच मनात न्यूनगंड जास्त असतो. हे शब्द मुळात इंग्रजी नाहीत. ते ग्रीक आणि लॅटिन आहेत, आणि त्या भाषा संस्कृतच्या दूरच्या बहिणी. त्यामुळे यातले कितीतरी तुकडे तुमच्या घरात लहानपणापासून आहेत.

सगळ्यात जास्त घोळ कुठं होतो? ‘हायपर’ आणि ‘हायपो’. एक अक्षर चुकलं की रक्तातली साखर वाढलेली की उतरलेली हेच उलटं होतं. आता पाहा. ग्रीक ‘हायपर’ आणि संस्कृत ‘उपरि’ हे एकाच मुळाचे शब्द. आपला रोजचा ‘वर’ हा त्याच उपरीपासून आला. आणि ‘हायपो’ म्हणजे संस्कृत ‘उप’. सरपंचाच्या खाली उपसरपंच, जिल्हा रुग्णालयाच्या खाली मुखेडचं किंवा निलंग्याचं उपजिल्हा रुग्णालय. हायपो म्हणजे उप, म्हणजे खाली. हायपोग्लायसेमिया : साखर खाली गेली, 70 मिलिग्रॅमच्या आत. हायपोथर्मिया : अंगाचं तापमान खाली. हायपोटेन्शन : रक्तदाब खाली. उपजिल्हा रुग्णालयाची पाटी एकदा या शब्दाशी जोडली की हा घोळ पुन्हा होत नाही.

‘अ’ आणि ‘अन्’ घ्या. मराठीत व्यंजनापुढे ‘अ’ लागतो, स्वरापुढे ‘अन्’ : अज्ञान, पण अनादर. ग्रीकमध्ये अगदी हाच नियम आहे. श्वास थांबला तर ‘ॲप्निया’, लघवी थांबली तर ‘अन्युरिया’, रक्त कमी तर ‘ॲनिमिया’. ‘डिस’ म्हणजे आपला ‘दुस्’, दुष्काळातला आणि दुर्गंधातला. डिस्प्निया म्हणजे श्वास घ्यायला त्रास, डिस्युरिया म्हणजे लघवीला त्रास. ‘पेरि’ म्हणजे ‘परि’, परिसर आणि परिक्रमेतला, भोवतीचा. हृदयाभोवतीची पिशवी ती पेरिकार्डियम, शब्दशः मराठी करायला गेलात तर ‘परिहृद’ होईल. लॅटिन ‘जेनू’ म्हणजे गुडघा, संस्कृतात जानु. दाताचा ‘डेंट’ म्हणजे दंत, पायाचा ‘पेड’ म्हणजे पद, हाडाचा ‘ऑस्टिओ’ म्हणजे अस्थी.

कधीकधी तर आख्खा शब्दच जुळतो. ‘मायग्रेन’ हा ‘हेमिक्रेनिया’ या ग्रीक शब्दाचा झिजलेला अवतार, अर्थ अर्धी कवटी. आपली आजी त्यालाच अर्धशिशी म्हणते. ‘अस्थमा’चा ग्रीक अर्थ धाप. ‘डायबेटिस मेलायटस’मधलं मेलायटस म्हणजे मधासारखं गोड, म्हणजे मधुमेह. हे मुद्दाम सांगतो, कारण वैद्यकीय शब्द कुणीतरी आभाळातून टाकलेले नाहीत. ते जुन्या काळच्या साध्या माणसांनी शरीराकडे पाहून ठेवलेले शब्द आहेत. तुमच्या गावातल्या म्हाताऱ्या बाईनं आजाराला ठेवलेलं नाव त्याच तोलामोलाचं आहे, आणि थोडं पुढे त्याच नावांकडे यायचं आहे.

जुळे शब्द

फोडून शिकलं तरी काही शब्द फसवतात, कारण कानाला ते सारखेच लागतात. नीटवाल्यांसाठी पहिला सापळा : ‘मायोसिस’. जीवशास्त्रात तुम्ही अर्धसूत्री पेशीविभाजन शिकलात, तो मायोसिस. बाहुली टाचणीच्या टोकाएवढी होते तोही मायोसिस. स्पेलिंग वेगळं, उच्चार एकच. कीटकनाशकाच्या विषबाधेत दुसरा लागतो. बाहुली मोठी होते तो ‘मिड्रायसिस’. ‘इलियम’ही दोन : एक लहान आतड्याचा शेवटचा भाग, दुसरं कमरेचं हाड. ‘डिस्फेजिया’ म्हणजे गिळता न येणं आणि ‘डिस्फेझिया’ म्हणजे बोलता न येणं. सायरनच्या आवाजात फोनवर हा फरक ऐकू येणं कठीण. म्हणून असल्या जागी मोठेपणा न दाखवता सरळ सांगा : “पेशंटला गिळता येत नाही.” डॉक्टर तुम्हाला कमी लेखणार नाही.

‘हिमॉप्टिसिस’ आणि ‘हिमॅटेमेसिस’ हे दोन शब्द तर मी वहीच्या पहिल्या पानावर लिहून घ्यायला सांगतो. पहिल्यात रक्त खोकल्यातून येतं, दुसऱ्यात उलटीतून. एक छातीचा आजार, दुसरा पोटाचा. पण घरचे काय सांगतात? “तोंडातून रक्त आलं.” दोन्हीला एकच वाक्य. तेव्हा शब्द आठवण्याआधी प्रश्न आठवला पाहिजे : खोकताना आलं का उलटी झाली? लालभडक होतं का चहाच्या चोथ्यासारखं काळपट? शौचाला डांबरासारखं काळं झालं का? त्या शेवटच्याला ‘मेलेना’ म्हणतात. प्रश्न नीट विचारला की योग्य शब्द मागोमाग येतो.

माय काय म्हणते ते ऐका

इथं मला थोडं थांबायचं आहे, कारण छापील पुस्तकात हा भाग मिळत नाही. परीक्षेलाही तो नाही. गाडीत मात्र रोज आहे.

“अंगावरून वारं गेलं” असं कुणी म्हटलं तर तो पक्षाघात आहे, स्ट्रोक. तिथं मिनिटं मोजायची असतात. तोंड वाकडं झालं का, हात उचलला जातो का, बोलणं जड झालं का, आणि शेवटचं ठीक किती वाजता पाहिलं होतं, हे विचारायचं. पण “अंगावरून जातंय” असं एखादी बाई हळू आवाजात म्हणाली, तर ती योनीमार्गे होणाऱ्या रक्तस्रावाबद्दल किंवा पांढऱ्या पाण्याबद्दल बोलते आहे. दिवस गेलेली असेल तर हा रक्तस्राव जिवावर बेतू शकतो. एका शब्दाचा फरक, आणि दोन्ही ठिकाणी उशीर परवडत नाही. त्यातच “वार पडली नाही” हे तिसरं. वार म्हणजे प्लॅसेंटा. बाळ झालं पण वार आतच राहिली, हे सुईण किंवा आशाताई याच शब्दांत सांगणार. “पाणी गेलं” म्हणजे पाणमोट फुटली. “बाळ पायाळू आहे” म्हणजे ब्रीच.

शेतावरून “पान लागलं” असा निरोप आला तर साप चावला. रात्रीच्या वेळी सापाचं नाव घ्यायचं नाही ही जुनी चाल, म्हणून कुणी “लांबडं”, कुणी “जनावर” म्हणतं. तुमच्या नोंदीत तो ‘स्नेक बाइट’ होईल, पण तेवढ्यावर थांबू नका. पापण्या जड होऊन पडायला लागल्या तर ‘टोसिस’. नाग किंवा मण्यार असेल तर विष नसांवर चढतं, न्यूरोटॉक्सिक. घोणस किंवा फुरसं असेल तर जखमेतून, हिरड्यांतून रक्त थांबत नाही, सूज वर चढत जाते, ते हिमोटॉक्सिक. साप कोणता ते घरच्यांना सांगता येईलच असं नाही. पापणी आणि हिरडी मात्र तुम्हाला पाहता येते.

“फेफरं आलं” म्हणजे झटका, सीझर. “दातखीळ बसली” हे झटक्यात होतं, धनुर्वातातही होतं आणि भीतीनंही होतं, तेव्हा त्याला एकच शब्द चिकटवू नका. “चक्कर आली” तर फारच मोघम. खोली गरगर फिरली का, म्हणजे व्हर्टिगो? डोळ्यांपुढे अंधारी येऊन कोसळला का, म्हणजे सिंकोपी? का नुसतंच अशक्त वाटलं? “गॅस झालाय” म्हणणारा पन्नाशीचा माणूस घामानं भिजलेला असेल, तर त्या गॅसवर विश्वास ठेवू नका. “बीपी आहे” म्हणजे रक्तदाब वाढलेला असण्याचा जुना आजार, आत्ता बीपी किती आहे ते नव्हे. “शुगर झाली” याचेही दोन अर्थ. “अटॅक आला” तर हृदयाचाही असतो आणि पॅरालिसिसचाही. “कसंतरीच होतंय” याला पुस्तकात नेमका शब्द नाही, पण मधुमेही म्हातारी असं म्हणाली तर साखर बघा आणि ईसीजी काढायची तयारी ठेवा.

बोलायचं कसं हाही शब्दज्ञानाचाच भाग. “पेशंट, तुम्हाला चेस्ट पेन आहे का?” असं विचारून उत्तर मिळत नाही. “मावशी, छातीत कळ येते का? दगड ठेवल्यासारखं वाटतं का टोचतं?” म्हटलं की मावशी बोलायला लागतात. काका, मामा, आजी, माय, जे तोंडी असेल ते म्हणा, पण आधी नातं जोडा. आणि लाजेचे प्रश्न घरची गर्दी बाजूला करून विचारा.

सीमेवरची गाडी

आपले दोन्ही जिल्हे सीमेवर आहेत. देगलूर, बिलोली, धर्माबादकडे तेलुगू बोलणारी घरं, उदगीर-निलंग्याकडे कन्नड, किनवटच्या डोंगरात गोंडी, तांड्यांवर गोरमाटी. नांदेड शहरात दखनी उर्दू ऐकू येते, आणि सचखंड श्री हुजूर साहिबच्या दर्शनाला पंजाबातून आलेली वयस्कर माणसं असतात. सगळ्या भाषा येणं शक्य नाही, पण प्रत्येकीतले पाच शब्द येणं शक्य आहे. तेलुगूत दुखणं म्हणजे ‘नोप्पी’, ‘छातीलो नोप्पी’ म्हणजे छातीत दुखतंय. कन्नडमध्ये तेच ‘एदे नोवू’. पंजाबी आजोबा ‘साह’ म्हणाले तर श्वासाबद्दल बोलताहेत.

उर्दू-मराठीत तर एक खराखुरा खड्डा आहे. दखनीत ‘फेफडे’ म्हणजे फुप्फुसं. मराठीत ‘फेफरं’ म्हणजे झटका. “अब्बा के फेफडे खराब हैं” हे ऐकून एपिलेप्सी लिहिलीत तर नोंद साफ चुकली.

उर्दूचा विषय निघालाच म्हणून सांगतो. मराठवाडा 17 सप्टेंबर 1948 पर्यंत निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. तिथं 1918 साली उस्मानिया विद्यापीठ निघालं, त्याचं माध्यम उर्दू होतं. वैद्यक-विज्ञानाची पुस्तकं उर्दूत आणायला, नवे पारिभाषिक शब्द घडवायला ‘दारुल तर्जुमा’ हे स्वतंत्र भाषांतर खातं काम करत होतं. देशी भाषेत डॉक्टर घडवण्याचा एवढा मोठा प्रयोग आपल्याच तेव्हाच्या संस्थानात झाला. पुढे महाराष्ट्र झाल्यावर भाषा संचालनालयानं मराठीतही परिभाषा कोश काढले. त्यातले शब्द अर्थ समजून घ्यायला फार उपयोगी आहेत, जरूर चाळा. पण आज विष्णुपुरीच्या डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय महाविद्यालयाच्या रुग्णालयात काय किंवा लातूरच्या विलासराव देशमुख संस्थेत काय, कॅज्युअल्टीच्या दारात चालते ती ग्रीक-लॅटिन नावं आणि मराठी क्रियापदं असलेली भाषा : “पेशंट सायनोज्ड आहे, सॅच्युरेशन पडतंय.” तीच शिका. शुद्धतेचा वाद स्ट्रेचरशेजारी घालायचा नाही.

सांगताना काय चुकतं

महाराष्ट्रातली 108 सेवा 26 जानेवारी 2014 ला सुरू झाली तेव्हा तिच्यात 937 गाड्या होत्या, 233 ॲडव्हान्स्ड आणि 704 बेसिक. तिची एक खासियत म्हणजे गाडीत डॉक्टर असतो. शेजारच्या हैदराबादेत 2005 साली सुरू झालेल्या 108 मध्ये गाडीवर ईएमटीच असतो. म्हणजे तुम्ही इथं खासगी दवाखान्याच्या गाडीवर, कारखान्यात किंवा कॅज्युअल्टीत काम केलंत काय आणि सीमेपलीकडे गेलात काय, कधी डॉक्टरच्या शेजारी बसून तर कधी एकट्यानं बोलावं लागणार. 2021 च्या संबद्ध व आरोग्यसेवा व्यवसाय आयोग कायद्याच्या यादीत इमर्जन्सी मेडिकल टेक्नॉलॉजिस्टचं नाव आहे. तुमचं काम आता कायद्यानं ओळखलेला व्यवसाय आहे, आणि व्यवसायाला नेमकी भाषा लागते.

किनवटहून नांदेड शंभराहून जास्त किलोमीटर. एवढ्या वाटेत रुग्णाची अवस्था दोन-तीनदा बदलते, आणि ती शेवटी तुम्ही एका मिनिटात सांगायची असते. क्रम ठरलेला ठेवा. वय, स्त्री की पुरुष, मुख्य तक्रार, किती वेळापासून, जुने आजार, आत्ताचे आकडे, वाटेत काय दिलं. अपघात असेल तर काय घडलं, कुठं लागलं, खुणा काय, उपचार काय. शुद्धीबद्दल बोलताना “अर्धवट शुद्धीत आहे” म्हणू नका. ग्लासगोमधल्या टीसडेल आणि जेनेट या डॉक्टरांनी 1974 साली मोजपट्टी दिली, ती आज अशी आहे : डोळ्यांचे 4, बोलण्याचे 5, हालचालीचे 6, एकूण 15, कमीत कमी 3. तीनही आकडे वेगळे सांगा. नुसत्या बेरजेतून काय बिघडलंय ते कळत नाही.

आणि आकडे मराठीत सांगताना फार सांभाळा. ही चूक माझ्यासमोर झाली आहे म्हणून कळकळीनं सांगतो. ‘शहात्तर’ आणि ‘शहाण्णव’, ‘पंच्याहत्तर’ आणि ‘पंच्याण्णव’ हे गाडीच्या आवाजात सारखेच लागतात. ऑक्सिजन सॅच्युरेशन 96 असलेला माणूस बोलत बसलेला असतो, 76 असलेला मरणाच्या दारात असतो. म्हणून एकेक अंक उच्चारा : “सात-सहा, शहात्तर.” समोरच्याकडून परत वदवून घ्या. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम या जोडीलाही हाच नियम लावा. दोघांत हजारपटीचं अंतर आहे.

लघुरूपं कमीत कमी वापरा. ‘पीआर’ म्हणजे पल्स रेट की गुदद्वाराची तपासणी? ‘एलओसी’ म्हणजे शुद्ध हरपणं की शुद्धीची पातळी? पण दुसऱ्यांनी लिहिलेली लघुरूपं तुम्हाला वाचता आलीच पाहिजेत, कारण गावातला रुग्ण आजाराचं नाव सांगत नाही, खिशातून घड्या पडलेली चिठ्ठी काढतो. ‘के/सी/ओ डीएम, एचटीएन, आयएचडी’ म्हणजे मधुमेह, रक्तदाब आणि हृदयविकार आधीपासून आहेत. गोळीपुढे ‘ओडी’ असेल तर दिवसातून एकदा, ‘बीडी’ दोनदा, ‘टीडीएस’ तीनदा, ‘एचएस’ झोपताना, ‘एसओएस’ गरज लागली तर. त्या चिठ्ठीचा फोटो काढून ठेवा.

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे 3 वाजून 56 मिनिटांनी किल्लारीला भूकंप झाला तेव्हा 108 सारखी कुठलीच व्यवस्था नव्हती. हजारो माणसं गेली, आणि त्याहून जास्त जखमी ढिगाऱ्यांतून निघाले. एवढे जखमी एकदम आले की कुणाला आधी हात लावायचा, यासाठी ‘ट्रायाज’ आहे. मूळ फ्रेंच शब्दाचा अर्थ निवडणं, वेचणं. लाल म्हणजे ताबडतोब, पिवळा म्हणजे थोडं थांबू शकतो, हिरवा म्हणजे चालू-फिरू शकतो, काळा म्हणजे मृत किंवा वाचण्याच्या पलीकडे. लातूर जिल्ह्यातल्या ईएमटीला हे चार रंग झोपेतून उठवून विचारले तरी सांगता आले पाहिजेत.

वही कशी ठेवायची

रोज दहा शब्द पुरेत. वहीत तीन रकाने करा : डावीकडे रुग्ण काय म्हणतो, मधे वैद्यकीय शब्द फोडून, उजवीकडे तुम्ही विचारायचा प्रश्न. पाठ केलेलं पहिल्या एक-दोन दिवसांतच सगळ्यात जास्त विसरलं जातं, हे हर्मन एबिंगहाउस या जर्मन संशोधकानं 1885 सालीच दाखवून दिलं. म्हणून आज केलेले शब्द उद्या, मग तीन दिवसांनी, मग आठवड्यानं पुन्हा बोला. अवयवाचे शब्द स्वतःच्या अंगाला हात लावून शिका : बरगडीवर बोट ठेवून ‘कॉस्टल’, मानेतली नाडी दाबून ‘कॅरोटिड’, मनगटावर ‘रेडियल’. ‘सुपाईन’ म्हणजे उताणा, ‘प्रोन’ म्हणजे पालथा, ‘लॅटरल’ म्हणजे कुशीवर, हे गादीवर पडून एकदा करा. उजवा-डावा नेहमी रुग्णाचा धरा, तुमचा नाही. कंटाळा आला की घरी आईला एखादा शब्द समजावून सांगा. आईला कळला नाही, तर तुम्हालाही अजून कळलेला नाही.

मधल्या आणि उजव्या रकान्यासाठी पुस्तकं आहेत. डावा रकाना मात्र कुणीच अजून नीट भरलेला नाही, आणि तो तुमच्याच बॅचला भरता येईल. अहमदपूरची मुलगी तिच्या आजीचे शब्द आणेल, कंधारचा मुलगा त्याच्या तांड्याचे, देगलूरचा तेलुगू घरातले. आशाताईंना विचारा, गावच्या जुन्या सुईणीला विचारा, 108 वर दहा-दहा वर्षं काढलेल्या पायलट दादांना, म्हणजे गाडीच्या चालकांना विचारा, त्यांच्याकडे असे शब्द पुष्कळ आहेत. अभ्यासक्रम संपताना सगळ्यांच्या वह्या एकत्र करा, एक प्रत वर्गात ठेवा आणि पुढच्या बॅचच्या हातात पहिल्याच दिवशी द्या.